एअर घेणारी जीप

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील इंदापूरला मोटारींचे मिस्त्री. आम्ही त्यांना दादा म्हणतो. मी बारामतीला खोली करून राहतो आणि शनिवारच्या एस.टी.ने भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करीत घरी जातो. बी.ए.च्या पोराने हात काळे करू नयेत, असा आईचा हुकूम आहे. तो मी बहुधा पाळतो.

गेल्या आषाढातली गोष्ट. तुकोबांची पालखी इंदापूरला यायला चार दिवस होते. एक बागायतदार आपली उंच बॉनेटची जुनी पेट्रोल जीप घेऊन आले. त्यांच्या वडिलांपासून ती दिंडीमागे सामान घेऊन जाते. तक्रार एवढीच, की पावसात वायपर हलत नाही.

"मोटर जळाली असेल," मी शहाणपणाने म्हणालो. दादा हसले. या वायपरला विजेची मोटर नसतेच! इंजिन हवा ओढते, तेव्हा कार्बोरेटरखाली मॅनिफोल्डमध्ये जी ओढ तयार होते, तिला व्हॅक्यूम म्हणतात. तिथून एक रबरी नळी काचेपाशी जाते आणि त्या ओढीवर डबीतले पाते इकडून तिकडे फिरते. एक्सलेटर सोडला की ओढ भरपूर. चांगले इंजिन मंद चालताना गेजवर १७ ते २१ इंच पारा दाखवते. एक्सलेटर पुरता दाबला की ओढ जवळजवळ नाहीशी! म्हणजे भर पावसात चढ लागला की वायपर नेमका थबकणार. तो दोष नव्हे, स्वभावच. ही जीप मात्र उभ्या उभ्याही काच पुसत नव्हती.

मागाहून वाचले, की इंग्लंडच्या १९६२ च्या लोटस एलानचे आणि अमेरिकेच्या १९६८ च्या कॉर्व्हेटचे बॉनेटात दडणारे दिवे याच ओढीवर उघडत. नळी चिरली की एक डोळा उघडा, दुसरा अर्धवट! तिथे ओढ साठवायला टाकी आणि एकेरी झडप तरी होती. आमच्या जीपला ती चैन कुठली?

दादांनी मॅनिफोल्डपासून सुरुवात केली. नळी काढून तोंडावर अंगठा धरला, ओढ जोरदार. इंजिन शाबूत. नळी जोडून दुसऱ्या टोकाला अंगठा धरला, ओढ मलूल. "मधी कुठंतरी एअर घेतंय," ते म्हणाले. आता काम कानाचे. फटीतून हवा आत शिरताना बारीक शीळ वाजते. दादा बॉनेटखाली बराच वेळ वाकून राहिले. मग सरळ झाले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू ऐक बरं जरा."

मी वाकलो. शीळ स्पष्ट ऐकू येत होती.

वर्षभर घरात हाक मारली की दादा ओ देत नसत. आम्हांला वाटे, विचारात असतील. डॉक्टरचे नाव काढले की त्यांना नेमके काम आठवे. तीस वर्षे पत्रा ठोकण्यात आणि इंजिनाशेजारी गेली, हे आमच्या ध्यानात कसे आले नाही?

रबरी नळीचा एक तुकडा कानाला लावून मी शीळेचा माग काढीत गेलो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातली रबरी चकती झिजली होती. पत्र्याची कड घासून नळी चिरली होती. साबणाचा फेस लावला, तर तो झटकन आत ओढला गेला. दादांनी जाड भिंतीची नवी नळी घातली, कारण पातळ नळी ओढीनेच चपटी होते. इंजिन सुरू केले. वायपर काचेवरून सळसळत गेला. बागायतदार खूश झाले आणि त्यांनी पैसे मलाच देऊ केले! मी ते दादांच्या हातात ठेवले.

रात्री जेवताना दादांनी विचारले, "कसा आवाज येत हुता रं?"

मी ओठ मुडपून हळूच शीळ वाजवली. माझ्या ओठांकडे बघून त्यांनी मान डोलावली. आई ताटात भाकरी वाढता वाढता थांबली.