वरंधा घाट आणि दुसरा गियर

आमच्याकडे एक जीप आहे. जीप आहे म्हटले की लोक ‘अरे वा!’ म्हणतात, ती १९६७ सालची आहे म्हटले की तेच लोक ‘अरेरे!’ म्हणतात. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती १९७४ साली एका सरकारी लिलावात घेतली. विलिज नमुन्याची सीजे-३बी. गियर तीन, दारे शून्य. अण्णा गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि आमच्या सोसायटीच्या आवारात एखाद्या निवृत्त हवालदारासारखी उभी राहिली.

२०२२ च्या डिसेंबरात आई म्हणाली, “मला एकदा घर पाहून यायचंय.” पोलादपूरच्या पलीकडे, डोंगरात आमचे घर आहे. चिऱ्याच्या भिंती, शेणाने सारवलेली ओटी, मागे विहीर. होळीनंतर ते उतरवायचे असे चुलतभावांनी ठरवले होते आणि त्यांचेही बरोबरच होते. वासे वाळवीने खाल्ले होते. आई त्र्याऐंशी वर्षांची. घराच्या अलीकडे ओढा लागतो, त्याला पूल नाही. साध्या मोटारीचे तिथे काम नव्हते. तेव्हा जीपच.

मी उत्साहाने तयारीला लागलो. इंजिनाचे तेल सगळेच बदलतात. पण फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या पोटात आणखी चार ठिकाणी तेल असते, याची आठवण फार थोड्यांना होते. गियरबॉक्स, त्याला चिकटून चारही चाकांना जोर वाटून देणारी ट्रान्सफर केस, आणि पुढच्या-मागच्या आसांच्या मध्यावर फुगलेले दोन डिफरन्शियल. आपले मिस्त्री त्यांना हौसिंग म्हणतात. सगळे मिळून पाचेक लिटर तेल.

नाना पेठेत गेलो. दुकानदाराने विचारले, “कोणतं देऊ?” हा प्रश्न त्याने मला विचारावा यातच माझी परीक्षा होती. मी डब्यांवरची लेबले वाचली. एकावर जीएल-४, दुसऱ्यावर जीएल-५. पाच म्हणजे चारापेक्षा वरचे, हे गणित मला चौथीपासून येते. शिवाय ते सिंथेटिक होते, ७५ डब्ल्यू-९० होते आणि सर्वांत महाग होते. मी ते चारही ठिकाणी भरले. ‘नव्वद’ हा आकडा पाहून घरी सौभाग्यवतींनी विचारले, “इंजिनात चाळीस नंबर आणि इथे एकदम नव्वद? अहो, डांबर आहे का?” डांबर नव्हते. गियरच्या तेलाची मोजपट्टीच वेगळी असते; तिथले नव्वद इंजिनाच्या चाळीस-पन्नासाच्या आसपासच दाट भरते. चष्म्याचा नंबर आणि चपलेचा नंबर, तसे. एवढे मी तिला ऐटीत सांगितले. माझे ज्ञान एवढेच होते.

पहाटे निघालो. कापूरहोळला साताऱ्याचा रस्ता सोडून भोर गाठले, चहा घेतला. पुढे नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेकडेने रस्ता जातो. धुके पाण्यावर बसलेले होते, आणि कडेच्या खाचरांत भाताची कापणी झालेली खुंटे दवाने चमकत होती. आई पुढच्या सीटवर शालीत गुंडाळून बसली होती, मागे सौभाग्यवती सामानात. हिरडोशी मागे पडली. गियर बदलताना किंचित खरखर होत होती. थंडी आहे, म्हटले, होते असे.

वाघजाईच्या देवळापाशी सगळेच थांबतात, आम्हीही थांबलो. देवीला नारळ, आपल्याला भजी, आणि माकडांना दोन्हींतला वाटा. कावळ्या किल्ल्याच्या अंगातूनच हा रस्ता काढलेला आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली शिवथरचे खोरे. आई बराच वेळ खाली पाहत होती. इथून कोकण सुरू होते.

आणि उतारही. तिसऱ्या गियरमध्ये गाडी जरा जोर धरू लागली म्हणून वळणाच्या आधी मी दुसरा टाकायला गेलो. कर्रर्र! दांडा हाताला झटका देऊन परत आला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. आता गाडी कोणत्याच गियरमध्ये नव्हती आणि उतार तर समोर होता. ब्रेक दाबला. वेग थोडा कमी झाला, पण या गाडीचे ब्रेक जुन्या ड्रमचे. ते तापले की पेडल दर वेळी जरा जास्तच खाली जाते. पहिला गियर चालत्या गाडीत पडत नाही. मागून सौभाग्यवतींचा आवाज यायचा थांबला, यावरून मला परिस्थितीचे गांभीर्य कळले.

आई शांतपणे म्हणाली, “ह्यांचा पाय दोनदा पडायचा.”

“काय?”

“घाटात. क्लच दोनदा दाबायचे हे. मध्ये एकदा इंजिन घुमवायचे.”

आईने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नाही. पण तिने अडतीस वर्षे त्या सीटवर बसून अण्णांचा पाय पाहिला होता. मी क्लच सोडला, एकदा ॲक्सिलरेटर दिला, पुन्हा क्लच दाबला. दुसरा गियर लोण्यात सुरी जावी तसा गेला. इंजिनाने गाडी धरली. पुढचा घाट मी त्याच गियरमध्ये उतरलो. पाहिलेले दृश्य म्हणाल तर रस्त्याचा पांढरा पट्टा.

महाडच्या अलीकडे एक गॅरेज दिसले. मिस्त्री साठीचे, बोलायला कमी. त्यांनी पोराला बजावले, “आधी भरायचा बोल्ट सैल कर, मग खालचा उघड.” भरायचा बोल्ट गंजून बसला असेल आणि आपण खालून तेल सोडून बसलो, तर गाडी तिथेच राहते. खालच्या बोल्टला योग्य पाना मिळेना, म्हणून आईला उठवून तिच्या सीटखालची हत्यारांची पेटी उघडली. पाना मिळाला. त्याखाली मेणकापडात गुंडाळलेली अण्णांची वही मिळाली.

मिस्त्रींनी तेल पांढऱ्या थाळीत घेऊन उन्हात धरले. तळाशी सोनेरी कण चमकत होते. “पितळ,” ते म्हणाले. “दोन गियरांचा वेग जुळवायला आत पितळी कडी असतात. ती घासून धरतात तेव्हा गियर पडतो. तुमचं तेल इतकं निसरडं की कडी धरेचनात.”

मग थोडे समजले. डिफरन्शियलमधले पिनियन मोठ्या चक्राच्या मध्यावर नसते, जरा खाली असते. त्यामुळे दात नुसते फिरत नाहीत, एकमेकांवर घसरतात, आणि दाब इतका की साधे तेल मधून पिळून निघते. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसाचा मसाला भरपूर असतो. त्याचा पातळ थर पोलादावर बसतो आणि दात वाचवतो. डबा उघडताच येणारा तो कुजका वास याच गंधकाचा. पण पितळाशी हे गंधक, विशेषतः तापल्यावर, तितके सलोख्याने वागेलच असे नाही. हल्लीच्या काही तेलांत पितळाला जपण्याची सोय असते, तरी निसरडेपणा राहतोच. म्हणून जुन्या गियरबॉक्सला जीएल-४. या जीपमध्ये गियरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे तेल आतून एकमेकांत जाते-येते, तेव्हा दोघांना तेच.

“म्हणजे मी पितळ खाल्लं?” मी विचारले.

“सगळं तुम्हीच नाही. पन्नास वर्षांचीही झीज आहे,” मिस्त्री म्हणाले. हा माणूस मला आवडला.

डिफरन्शियलला माझे तेल चालणार होते, तिथे फक्त पातळी पाहिली. मागचे अर्धा पाव लिटर कमी निघाले. आसावर हवा सोडणारी एक लहानशी टोपी असते. ती चिखलाने बंद झाली होती. आतली हवा तापली की वाट शोधते, आणि वाट नसली की जुन्या सीलमधून तेलालाच बाहेर ढकलते. मिस्त्रींनी ती टोपी तारेने साफ केली. पैसे फार घेतले नाहीत. जाताना म्हणाले, “ओढ्यात घालण्याआधी हौसिंग थंड होऊ द्या. गरम असताना पाण्यात घातलं, की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते.”

अण्णांची वही मी पोलादपूरला चहा पिताना उघडली. पेन्सिलीने लिहिलेले होते : ‘गियरबॉक्स, ट्रान्सफर – साधे ९०. हायपॉइड घालू नये, पितळ आहे. दोन्ही हौसिंग – हायपॉइड ९०.’ हायपॉइड म्हणजे त्याच घसरत्या दातांचे तेल. नाना पेठेत मला जे हवे होते ते आई सबंध वाटभर बुडाखाली घेऊन बसली होती.

ओढ्यापाशी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पाणी जेमतेम आसापर्यंत. पलीकडे आंब्यांतून कौले दिसत होती. एरवी मी तशीच गाडी घातली असती. पण थांबलो. अर्धा तास आम्ही तिघे काठावर बसलो. याच ओढ्यातून तिला पहिल्यांदा बैलगाडीने आणले तेव्हा चाक रुतले होते, आणि नवी नवरी म्हणून तिला उतरू देईनात, असे आईने सांगितले. हे मी कधी ऐकले नव्हते. मी मधूनमधून उठून मागच्या हौसिंगला हात लावून पाहत होतो. कोमट, मग गार. मग पुढची चाके जोडली, खालचा गियर टाकला आणि सावकाश पार झालो.

आई त्या संध्याकाळी घरभर फिरली. विहिरीच्या काठावर, माजघरात, देवळीपाशी. रडली नाही. रात्री ओटीवरच झोपली.

सकाळी मी गाडीखाली शिरून मागचा बोल्ट काढला आणि करंगळी आत घातली. पाणी गेले असते तर तेल दुधासारखे पांढरे झाले असते. ते मधासारखे होते.

“पाणी गेलं का रे?” ओटीवरून आईने विचारले.

“नाही.”

“मग हात धू आणि वर ये. चहा निवतोय.”