घोंगडीचं काय झालं

घोंगडी टोचते. पहिल्यांदा अंगावर घेणाऱ्याला तर ती नकोशीच होते. दख्खनी मेंढीची लोकर मुळातच राठ, त्यात सूत हातानं कातलेलं, म्हणून कुठं बारीक तर कुठं जाड. पण मिरज-कवठेमहांकाळच्या आमच्या पट्ट्यात जुन्या माणसांची कातडी या टोचण्याला सरावलेली होती. आजोबा पावसात घोंगडीची खोळ करून रानात जायचे. घोंगडी वरून भिजायची, आतला माणूस कोरडा राहायचा. रात्री तीच चुलीजवळ वाळत पडायची आणि ओल्या लोकरीचा वास घरभर सुटायचा. खंडोबाची तळी भरायची तर खाली घोंगडी हवी, कुणाची पाठ धरली तर निजायला घोंगडी हवी. तिच्याबद्दल वेगळं असं कुणी काही बोलत नसे.

पुण्याला शिकायला निघाले तेव्हा वडिलांनी माझ्या वळकटीत एक घोंगडी बांधून दिली. वसतिगृह, मग भाड्याच्या खोल्या, मग माहितीपटांच्या संकलनाची कामं, अशी ती माझ्याबरोबर फिरत राहिली. एकदा दुसऱ्याच कुणाच्या तरी फिल्मचं निवेदन खोलीवरच ध्वनिमुद्रित करायचं होतं. रिकाम्या भिंतींवर आवाज आपटत होता, प्रत्येक वाक्यामागे घुमारा येत होता. ध्वनिमुद्रक मित्रानं विचारलं, ‘‘जाड काही आहे का टांगायला?’’ दोरी बांधून घोंगडी टांगली आणि घुमारा गेला. निवेदकाचा आवाज एकदम कानाजवळ आला. त्या दुपारी हेडफोन लावून मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. इतक्या वर्षांत प्रथमच तिचे काठ, सुतातल्या गाठी, काळ्यात मिसळलेले करडे केस मी नीट पाहिले. संध्याकाळी वडिलांना फोन करून विचारलं, ही विणली कुणी?

‘‘तो सणगर आण्णा. आहे की अजून.’’

फिल्म तिथून सुरू झाली. मेंढीच्या पाठीपासून माणसाच्या पाठीपर्यंत घोंगडी कशी येते हे वीस-बावीस मिनिटांत दाखवायचं, असा साधा सरळ आराखडा होता. एका संस्थेच्या अर्थसाहाय्यासाठी तो पाठवला. उत्तर आलं की विषय चांगला आहे, पण यात ‘संघर्ष’ दिसत नाही. त्या काळात मला फाळके फार आठवायचे. लंडनहून कॅमेरा आणला तरी भांडवल मिळेना, तेव्हा १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि ‘अंकुराची वाढ’ ही छोटीशी फिल्म सावकारापुढे ठेवली. आयुर्विम्याच्या पॉलिसीही गहाण टाकल्या. आपल्याकडच्या चित्रपटाचा पाया घालणाऱ्या माणसाला पैशासाठी आधी एक झाड वाढवून दाखवावं लागलं, हे मला मोठं बळ देणारं वाटतं. मी संकलनाची दोन कामं जास्तीची घेतली, कॅमेरा भाड्यानं आणला आणि गावाकडे निघाले.

आण्णांच्या घरात माग नव्हता. खड्डामागाचा खड्डा होता तिथं शहाबादी फरशी बसवलेली होती आणि तिच्यावर नातवाची सायकल उभी होती. घोंगडी कशी तयार होते ते दाखवायला आलेल्या माझ्यासमोर दाखवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी विचारलं, फिल्मपुरता माग उभा करता येईल का? आण्णा लगेच हो म्हणाले. आमच्याकडची माणसं पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘फरशी काढू की पोरी. बसतो. पण लोकर कातून देणार कोण? आणि इणल्यावर घेणार कोण? तू घेशील एक. मग म्होरं?’’

परतीच्या एसटीत मला ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ आठवली. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म संग्रहालयात मी ती पाहिली होती. माहितीपटाचा इतिहास सांगताना १९२२ ची ही फिल्म पहिल्या पानावर येते. रॉबर्ट फ्लाहर्टीनं आधी केलेलं चित्रण, तीस हजार फूट निगेटिव्ह, १९१६ मध्ये टोरांटोत सिगारेटच्या ठिणगीनं जळून गेलं. तो स्वतःही भाजला. वाचलेली प्रत त्यानं लोकांना दाखवली तेव्हा त्यालाच ती कंटाळवाणी वाटली. मग एका फर कंपनीचे पैसे घेऊन तो पुन्हा उत्तरेत गेला आणि या खेपेला एकाच कुटुंबाच्या मागे राहिला. फिल्म शिकणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात, आणि जिद्द तर ती आहेच. पण त्याच फ्लाहर्टीनं बंदुकीनं शिकार करणाऱ्या इनुइट लोकांना कॅमेऱ्यासाठी जुने भाले हातात घ्यायला लावले, आतलं दिसावं म्हणून अर्धाच इग्लू बांधून घेतला. नानूकचं खरं नाव अलाकारियालाक होतं. फिल्म सुंदर आहे, मला आवडते. तरीही आण्णांच्या प्रश्नानंतर ते भाले मला विसरता येईनात. फरशी उखडून मी माग उभा केला असता तर आण्णांचं आजचं जगणंच फिल्ममधून गेलं असतं.

फरशी तशीच राहिली. मी तिचंच चित्रण केलं, सायकलसकट. आणि आराखड्यातला प्रश्न बदलला: घोंगडी होईनाशी का झाली?

उत्तर मेंढीपासूनच सुरू होत होतं. जत तालुक्यातली माडग्याळ जातीची मेंढी उंचीपुरी, मटणाला चांगली, पण अंगावर लोकर जेमतेम. तिला भाव मिळतो, म्हणून कळपांत तीच वाढत गेली. काळी दख्खनी मेंढी मागे पडली. जिथं ती आहे तिथं कातरणी अजून करावी लागते, कारण लोकर वाढली की मेंढराला त्रास होतो. धनगरवाड्याच्या कातरणीला मी गेले. मेंढरं आधी ओढ्यात धुऊन आणली होती. कातरणारा एकेकीचे पाय बांधून तिला आडवी करायचा, पोटाकडून लांब कात्री चालवायचा, आणि सगळी लोकर एका अखंड पदरासारखी उलगडून बाजूला व्हायची. खालून उघडं पडलेलं मेंढरू उठून दोन पावलं अडखळायचं आणि कळपात पळायचं. मेंढपाळ कातरणाऱ्याला मजुरी मोजून देत होता. लोकर बांधाला ढीग लावून ठेवली होती. ती कोण नेणार म्हणून विचारलं तर तो म्हणाला, ‘‘पाऊस नेईल.’’

याच वाड्यावरच्या मावशी अजून सूत कातायच्या. आणि आण्णांच्या मेहुण्यांकडे, दोन गावं पलीकडे, एक माग जिवंत होता. तिथं एका लग्नासाठीच्या घोंगडीचा ताणा गल्लीत पसरलेला मिळाला. चिंचोके भिजवून, साल काढून, दळून शिजवलेली खळ एका डेचकीत होती. म्हातारा आणि त्याची सून दोन बाजूंनी ती खळ ताण्यावर लावत होती, मग लांब कुंच्यानं एकाच दिशेला ओढत होती. केसाळ, विस्कटलेलं सूत कुंच्याखाली गुळगुळीत होत जात होतं. खळ बसली की सुताचे केस आडवे पडतात, धागा ताठ होतो आणि फणीच्या घासण्यानं तुटत नाही. मध्ये एक मोटारसायकल आली, तर त्यांनी दोन्ही टोकांनी ताणा डोक्याएवढा उचलला, ती खालून गेली, आणि पुन्हा खाली घेतला. हे दृश्य मी कितीही वेळा पाहू शकते.

यानंतर हार्ड डिस्क बिघडली. डेटा परत मिळवून देणाऱ्यांनी बरंच काही वाचवलं, पण मावशींच्या चित्रणाचा आवाज गेला. आवाज आम्ही वेगळ्या यंत्रावर घेतला होता आणि त्या फाइली उघडेचनात. मावशी पडद्यावर कातत होत्या, हसत होत्या, काहीतरी सांगत होत्या, पण ऐकू काहीच येत नव्हतं. दरम्यान मार्च २०२० उजाडला, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, वाडा कुठं आहे तेही फोनवरूनच कळायचं. फिल्मचं भिजत घोंगडं पडलं. महिनोन्महिने मी ती मुकी दृश्यं पुढंमागं करत बसायचे. संकलन करणाऱ्याला गेलेल्या गोष्टीचं दुःख बाजूला ठेवता आलं पाहिजे, असं मी इतरांना सांगत आले होते. स्वतःच्या फिल्मच्या बाबतीत मला ते फार जड गेलं.

सगळं खुलं झाल्यावर वाड्यावर गेले. मावशींचा हात दुखावला होता, कातणं थांबलं होतं. पुन्हा चित्रण करण्याचा प्रश्नच नव्हता. मी फक्त दाखवायला म्हणून लॅपटॉप उघडला. बाहेर कोंबड्या, पोरं, टेम्पोचा हॉर्न. मित्रानं नेहमीप्रमाणे दारावर घोंगडी टांगली आणि सवयीनं माइक चालू केला. मावशी स्वतःचेच हात बघत होत्या. बराच वेळ गप्प होत्या. मग सुरू झाल्या.

‘‘हे बघ, हितं पेळू संपला. आता दुसरा जोडणार. जोडला. कळलं का कुठं जोडलाय? नाही कळत. आई मारायची कळला तर.’’ पुढं एका जागी धागा तुटला. ‘‘हितं तू काय तर इचारलंस. माझं ध्यान गेलं.’’

स्वतःच्या कामाबद्दल इतकं बारीक, इतक्या अधिकारानं त्या पहिल्या मुलाखतीत बोलल्याच नव्हत्या. तेव्हा मी विचारत होते आणि त्या उत्तरं देत होत्या. आता पडद्यावर त्यांचे तेव्हाचे हात आणि त्यांवर आजचा आवाज, असा सबंध भाग फिल्ममध्ये तसाच आहे. वर एक शब्दही निवेदन घातलेलं नाही.

काही महोत्सवांनी फिल्म नाकारली, एक-दोघांनी घेतली. पण ती बनवली ज्यांच्याकडे जाऊन, त्यांना दाखवल्याखेरीज मला ती पुरी झाल्यासारखी वाटेना. बिरोबाच्या देवळासमोर पडदा लावला. ताणा उचलून मोटारसायकल जाते तिथं पोरांनी आरडाओरडा केला. बांधावरच्या लोकरीचा ढीग आला तेव्हा मागून एकजण मोठ्यानं म्हणाला, ‘‘माझीच हाय ती.’’ फिल्म संपली तशी बायका मावशींभोवती जमल्या. आण्णा पुढं येऊन उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांदेखत हिशेब मांडला: लोकर, पिंजणावळ, कातणावळ, चिंचोके, विणणावळ. बेरीज बाजारातल्या ब्लँकेटच्या कितीतरी वर गेली. एक तरुण मेंढपाळ म्हणाला, लोकर मी फुकट देतो, मग बेरीज किती होती? आण्णांनी पुन्हा पहिल्यापासून बोटं मोजायला घेतली. मग कातणावळीवरून बायकांची आणि त्यांची जुंपली. दमलेल्या हाताला काय देणार, असं मावशी विचारत होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

वाद त्या रात्री मिटला नाही. येत्या दिवाळीच्या कातरणीची लोकर बांधावर न टाकता आण्णांच्या पडवीत ठेवायची, एवढं मात्र ठरलंय. कातायला कोण बसतं, किती मजुरीवर बसतं, ते बघायला मी कॅमेरा घेऊन जाणार आहे.