इफ्तारनंतरचा घाम

रमजानचे दिवस होते. कोपरखैरण्याच्या घरात इफ्तार आटोपली आणि अब्बांनी छातीवर हात ठेवला. "जळजळतंय. भजी जास्त झाली," म्हणाले. अम्मीने सोडा पाजला. कपाळावर गार घाम होता, म्हणून आम्ही पंखा वाढवला. दुखणे जबड्याकडे सरकले, तेव्हा दाढ असेल असे आम्हीच ठरवून टाकले. अब्बा तरावीहला निघाले आणि दारातच बसले. रिक्षातून दवाखाना गाठला तेव्हा पहिल्या कळेला दोन तास उलटले होते. अब्बा राहिले नाहीत.

"वेळ भरली होती," लोक म्हणाले. आम्हीही तेच म्हणत राहिलो. त्याने मन हलके होई. आयुष्य अल्लाहच्या हाती, हे खरेच. पण ते दोन तास आमच्या हाती होते.

नावाजलेले हृदयशल्यविशारद डॉ. नीतू मांडके २००३ साली हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले. हा आजार जाणकारालाही सोडत नाही, मग आपण तरी गाफील का राहावे? रक्तवाहिनीत गुठळी अडकली की हृदयाचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो. जेवढा उशीर, तेवढे नुकसान. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, डावा हात, पाठ किंवा जबड्यात कळ, गार घाम, धाप, मळमळ, ही त्याची लक्षणे. बायकांत आणि मधुमेहींमध्ये कधी कधी छातीत फारसे दुखतही नाही. नुसता थकवा आणि दम.

काही वर्षांनी एका पहाटे अम्मी म्हणाली, "वुजू करतानाच दम लागला रे." छातीत कळ नव्हती, मळमळत होते, पाठ भरून आली होती. मधुमेह जुना. या वेळी सोडा काढला नाही. राज्यात २०१४ पासून १०८ची मोफत रुग्णवाहिका आहे. तिलाच फोन लावला. अम्मीला चालू दिले नाही, बसवून ठेवले. ईसीजीत झटका दिसला, त्याच सकाळी स्टेंट बसला.

अम्मी घरी आली. डॉक्टरांनी रोजे मना केले, तेव्हा रडली. मग आम्हीच समजावले की आजाऱ्याला सवलत दीननेच दिली आहे.

आता इफ्तारच्या दस्तरखानावर कुणी छातीवर हात ठेवला, की अम्मी आधी त्याचे कपाळ चाचपते.