मातृभाषेचा रकाना

नगराची कोशातील नोंद कशी असते, हे आपण सारेच जाणतो : स्थान, लोकसंख्या, इतिहास. मध्यंतरी 'प्रदेश आणि साहित्य' शिकवताना आम्ही बोस्नियातील नगरपालिकांच्या काही नोंदी वाचल्या. तेथे लोकसंख्या एका आकड्यात संपत नाही. बोस्नियाक, सर्ब, क्रोएट अशी ती फोडून दिलेली असते. १९९१ च्या जनगणनेत त्या देशातील सुमारे साडेपाच टक्के लोकांनी स्वतःला 'युगोस्लाव' म्हणवले होते. पुढच्या वर्षी युद्ध पेटले. १९९५ च्या डेटन कराराने आखलेल्या रेषेने कित्येक नगरपालिका दुभंगल्या, आणि २०१३ च्या गणनेत 'युगोस्लाव' म्हणवणारे जवळजवळ उरले नव्हते.

आमच्या सोलापूरची अशी नोंद करायची झाली, तर स्थान सोपे आहे : दख्खनच्या पठारावरील भीमा-सीनेचा अवर्षणप्रवण मुलूख. अंकही सापडतात : नगरपालिका १८५२ ची, महानगरपालिका १९६४ ची, २०११ साली लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात. अडचण येते ती माणसे फोडून दाखवताना. ज्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत मकरसंक्रांतीला सारे गाव नंदीध्वजांमागून चालते, त्या बाराव्या शतकातील शिवयोग्यांची वचने कन्नड आहेत. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली. गिरण्या आणि हातमाग यांच्या आधाराने तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे येथलीच झाली. मे १९३० मध्ये येथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी झाली. ही चार नावे सोलापूरकर एका दमात घेतो.

हे सारे आम्ही वर्गात अभिमानाने सांगत आलो. मात्र एका प्रवेशाच्या वेळी आमचीच परीक्षा झाली. एम. ए. मराठीसाठी आलेली एक विद्यार्थिनी अर्जातील 'मातृभाषा' या रकान्यापाशी थांबली होती. घरी तेलुगू, शेजारी कन्नड, शाळा मराठी. ती म्हणाली, "सर, मराठी लिहिलं तर आईला वगळल्यासारखं होतं. तेलुगू लिहिलं तर मराठीच्या वर्गात पाहुणी वाटेन." आम्ही घाईत होतो. "काहीही लिही, त्याने काय फरक पडतो?" असे म्हणून आम्ही पुढचा अर्ज हाती घेतला.

फरक पडतो, हे आम्हांस तिच्या पहिल्या निबंधाने दाखवले. "आई विडी वळायली होती" असे तिने लिहिले होते. आम्ही सवयीने 'वळायली'खाली तांबडी रेघ ओढून वर 'वळत' लिहिले. पुढचे निबंध निर्दोष आले. परंतु त्यांतून आई नाहीशी झाली होती. अर्जातल्या रकान्याने जे विचारले होते, तेच आमच्या तांबड्या शाईने परस्पर ठरवून टाकले होते.

लक्ष्मीनारायण बोल्ली यांचे 'एका साळियाने' हे आत्मकथन आम्ही अनेकदा संदर्भासाठी सांगितले आहे. तेलुगूभाषक विणकर घरातला माणूस मराठीचा लेखक होतो, याचे कौतुकही केले आहे. त्या कौतुकात आपल्या भाषेने पाहुण्यास आश्रय दिल्याची भावना किती होती, हे मात्र कधी तपासले नव्हते. वस्तुतः मराठीनेही येथे पुष्कळ घेतले आहे. आमच्या बोलण्यातला हेलच त्याची साक्ष देतो.

सोलापूर म्हणजे बोस्निया नव्हे, आणि व्याकरणाची रेघ म्हणजे सीमारेषा नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही माणसाला एकाच खान्यात बसवण्याची सवय साध्या कागदांपासूनच लागते. जनगणनेतसुद्धा मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषा सांगण्याची सोय आहे.

तो निबंध आम्ही तिच्याकडून परत मागून घेतला आणि आमची दुरुस्ती खोडली. तिने पाहिले व एवढेच विचारले, "मग सर, परीक्षेत काय लिहू?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी अद्याप नाही. मराठीच्या अध्यापकांनी ते एकत्र बसून शोधावे, एवढ्यासाठीच हे लिहिले.