रांगेतले टपाल

मेल सर्व्हर म्हणजे एकच प्रोग्रॅम नव्हे. लिनक्सवर तो चार-पाच स्वतंत्र प्रोग्रॅमांचा एकत्र संसार असतो. पोस्टफिक्स बाहेरचे टपाल घेतो आणि बाहेर पाठवतो. डव्हकॉट ते ज्याच्या त्याच्या पेटीत टाकतो, पासवर्ड तपासतो आणि पेटी उघडून दाखवतो. स्पॅम गाळणारा वेगळा, सांकेतिकीकरण सांभाळणारे ओपनएसएसएल वेगळे. पोस्टफिक्स व्हिएत्स वेनेमा यांनी आयबीएममध्ये १९९८ च्या सुमारास लिहिला, तर डव्हकॉट फिनलंडच्या तिमो सिराइनेन यांनी २००२ मध्ये बाहेर आणला. एकाच यंत्रावर नांदणारे हे दोघे सॉकेट नावाच्या एका छोट्या खिडकीतून एकमेकांशी बोलतात. अपग्रेडनंतर अनेकदा हीच खिडकी बंद झालेली आढळते.

मिरजेच्या जुन्या माणसांना हा प्रकार लगेच कळेल. या जंक्शनात कित्येक वर्षे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ होते. गाड्या धडधाकट, रूळही धडधाकट. तरी माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरल्याशिवाय पुढे जात नसे. दोष कशातच नव्हता, मापे जुळत नव्हती एवढेच.

साताऱ्यातल्या साखर कारखान्याचा किंवा कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या उद्योगाचा स्वतःचा मेल सर्व्हर असेल, तर अपग्रेडला मुहूर्त पाहावाच लागतो. गळीत हंगाम चालू असताना त्याला हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको. तरीही मोडायचे ते मोडतेच. डेबियन १२ वरून डेबियन १३ वर जाणे हे त्याचे ताजे उदाहरण. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या या आवृत्तीबरोबर डव्हकॉट २.३ जाऊन २.४ येतो, आणि २.४ ला जुनी सेटिंग फाइल वाचता येत नाही. फाइलच्या पहिल्याच सेटिंगमध्ये ती कोणत्या आवृत्तीसाठी लिहिली आहे हे सांगावे लागते. पेट्या कुठे आहेत हे पूर्वी एका ओळीत लिहिले जाई. आता पेटीचा प्रकार आणि तिचा पत्ता अशी दोन सेटिंगे लागतात. डोमेन आणि वापरकर्ता यांसाठीची एकाक्षरी चिन्हे गेली, प्रमाणपत्राच्या सेटिंगचे नाव बदलले. अपग्रेड चालू असताना ‘तुमची जुनी फाइल ठेवू का?’ असा प्रश्न येतो. तिथे ‘ठेव’ म्हणणे हा शहाणपणा वाटतो आणि बहुतेक वेळा असतोही. या वेळी मात्र त्याच उत्तराने डव्हकॉट उठत नाही.

गंमत अशी, की बोंब होते ती पोस्टफिक्सच्या नावाने. पासवर्ड तपासायला तो खिडकीशी जातो, पलीकडे कोणी नसते. पासवर्डची तपासणी सगळ्याच दारांना लावलेली असेल, तर टपाल घेणारी प्रक्रिया सुरू होताच मरते आणि पंचवीस क्रमांकाच्या पोर्टवर नमस्कारही होत नाही. ती फक्त कर्मचाऱ्यांच्या दाराला लावली असेल, तर बाहेरचे टपाल येत राहते, पण पेटीपर्यंत न पोचता रांगेत साचते. लॉगमध्ये दोन्ही प्रकारांत ‘फाइल सापडत नाही’ अशी तक्रार दिसते. ही फाइल म्हणजेच ती खिडकी, हे ज्याला ठाऊक नाही तो पोस्टफिक्स पुन्हा पुन्हा बंद-चालू करत रात्र घालवतो.

म्हणून लॉग उलटा नव्हे, सुलटा वाचायचा: अपग्रेड संपले त्या मिनिटापासून खाली. डेबियन १२ पासून नव्याने बसवलेल्या यंत्रात मेल लॉगची जुनी फाइलच नसते. नोंदी सिस्टमडीच्या जर्नलमध्ये असतात. (लॉग १८० दिवस जपून ठेवा, असे केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात बजावले आहे. अशा रात्री तो आदेश जाचक वाटत नाही.)

पण लॉग उघडण्याच्याही आधी एक काम करायचे असते. मेलच्या व्यवहारात नकार दोन प्रकारचे. ४ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे ‘थोड्या वेळाने या’, ५ ने सुरू होणारा म्हणजे ‘पुन्हा येऊ नका’. पहिल्या नकारावर पाठवणारा सर्व्हर टपाल स्वतःच्या रांगेत ठेवून प्रयत्न करत राहतो. पोस्टफिक्सचे मूळ सेटिंग बदलले नसेल, तर ५ दिवस. दुसऱ्यावर पत्र तत्काळ परत जाते. सर्व्हर पूर्ण बंद पडला तर टपाल क्वचितच हरवते. अर्धवट चालू असलेला, वापरकर्त्यांची यादी न सापडल्यामुळे प्रत्येकाला ‘असा कोणी इथे राहत नाही’ म्हणणारा सर्व्हर खरा घातक. पोस्टफिक्समध्ये ‘सॉफ्ट बाउन्स’ नावाचे सेटिंग आहे. ते लावले की पाचचा प्रत्येक नकार चारचा होतो, आणि दुरुस्तीला सवड मिळते.

डव्हकॉट उठल्यावर दुसरी घबराट येते. पेट्या उघडतात, पण रिकाम्या. फोन सुरू होतात: ‘साहेब, सगळे मेल गेले!’ गेलेले काहीच नसते. नव्या पद्धतीने लिहिलेल्या पत्त्यात एखादे चिन्ह चुकलेले असते, आणि डव्हकॉट भलत्याच ठिकाणी कोरी पेटी तयार करून तीच दाखवतो. डिस्कवर जुने फोल्डर जिथल्या तिथे असते. याच क्षणी बॅकअप घाईने वरून ओतला, तर मात्र खरेच नुकसान होऊ शकते. आधी पत्ता दुरुस्त करायचा, मग एकाच पेटीवर तपासायचे.

शेवटी उरतो तो स्टोअरमधला जुना कॉपीयर, जो कागद स्कॅन करून मेल करतो. त्याला टीएलएस या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीतले १.० च्या पुढचे काही येत नाही, आणि आजचे ओपनएसएसएल मूळ सेटिंगवर टीएलएस १.० स्वीकारत नाही. त्याच्यासाठी सगळ्या सर्व्हरची सुरक्षा उतरवणे चूक. अंतर्गत नेटवर्कवर फक्त त्याच्याच पत्त्यापुरती सूट द्यावी.

मग रांग हळूहळू मोकळी करायची. साचलेला लोंढा एकदम सोडला तर मोठे सर्व्हर तो अडवून धरतात. रांग संपली की सॉफ्ट बाउन्स आठवणीने काढायचे. ते तसेच राहिले, तर चुकीच्या पत्त्यावर आलेले प्रत्येक पत्र ५ दिवस पुन्हा पुन्हा दार वाजवत राहते, आणि आपले पत्र पोचलेच नाही हे पाठवणाऱ्याला सहाव्या दिवशी कळते.