मतपत्रिकेवरील जागा

निवडणुकीचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नावाने लिहिला जातो. पराभूतांपैकी जे प्रबळ असतात त्यांना त्यात एखादे प्रकरण मिळते. परंतु ज्यांनी अर्ज भरला, अनामत भरली, चिन्ह मिळविले आणि मतमोजणीच्या अखेरीस ‘इतर’ या एका शब्दात जे सामावले गेले, त्यांची दखल घेण्याचे कोणाला कारण वाटत नाही. वस्तुतः मतपत्रिकेवरील शेवटच्या ओळीवर कोणाला जागा मिळावी आणि त्या जागेचे मोल किती असावे, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटला, तरी निवडणूक कशासाठी घ्यावयाची हाच प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ही जागा कागदावर नव्हती, पेटीवर होती. देशातील साक्षरतेचे प्रमाण तेव्हा सुमारे १८ टक्के होते. नाव वाचून मत देण्याची अपेक्षा बहुसंख्य मतदारांकडून करता येत नव्हती. म्हणून मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या यंत्रणेने प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावले. मतदाराने मतपत्रिकेवर कोणतीही खूण न करता ती हव्या त्या पेटीत टाकावयाची होती. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, जनसंघाची पणती, रामराज्य परिषदेचा उगवता सूर्य अशी ती चित्रलिपी होती. या व्यवस्थेत एक सहज समता होती. लहान पक्षाची पेटी मोठ्या पक्षाच्या पेटीहून लहान नव्हती. त्या निवडणुकीला सामोरे जाताना १४ पक्षांना राष्ट्रीय पक्ष म्हणून मान्यता होती. निकालानंतर ती केवळ चारांकडे उरली.

त्या चौदांतील एका लहान पक्षाची कथा चिन्हांच्या इतिहासात विशेष लक्षणीय आहे. सुभाषचंद्रांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये फूट पडल्यानंतर त्याच्या एका गटाचे नेतृत्व नागपूरचे कामगार नेते रुईकर यांच्याकडे आले. या रुईकर गटाला पहिल्या निवडणुकीत मिळालेले चिन्ह हाताचा पंजा हे होते. गट पुढे प्रजा समाजवादी प्रवाहात विलीन झाला आणि पंजा निराधार झाला. १९७८ साली इंदिरा गांधींच्या काँग्रेसने तो स्वीकारला, आणि आज त्या चित्राकडे पाहून नागपूरच्या कामगार चळवळीची आठवण कोणालाही होत नाही. शब्दांच्या बाबतीत अभ्यासकांना हा अनुभव नवा नाही. बोलणारे अस्तंगत होतात, शब्द दुसऱ्यांच्या तोंडी रुळतो आणि मूळ अर्थ व्युत्पत्तिकोशापुरता उरतो. लहान पक्षांच्या नशिबी मात्र असा कोशही नसतो.

साठनंतर स्वतंत्र पेट्या गेल्या आणि सर्व चिन्हे एकाच कागदावर आली. १९६८ च्या आदेशाने मान्यताप्राप्त पक्षांची चिन्हे राखून ठेवली. इतरांना मुक्त चिन्हांच्या यादीतून जे मिळेल ते घेणे भाग पडले. मोठ्या पक्षाचा उमेदवार निवडणुकीपूर्वीच पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेले चित्र घेऊन उभा असतो. लहान पक्षाच्या उमेदवाराला चिन्ह हाती आल्यावर पंधरवड्यात ते मतदाराच्या डोळ्यांत रुजवावे लागते.

या कागदाची सर्वांत मोठी परीक्षा १९९६ साली झाली. तामिळनाडूतील मोडकुरिची या विधानसभा मतदारसंघात शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यांकडे लक्ष वेधण्यासाठी १,०३३ उमेदवार उभे राहिले. मतदान पुढे ढकलावे लागले आणि मतपत्रिकेची पुस्तिका करावी लागली. त्यांतील ८८ जणांना एकही मत मिळाले नाही. नळगोंडा येथे पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडने गावेच्या गावे अपंग होत होती; तेथे लोकसभेसाठी ४८० उमेदवार होते. आणि बेळगावात, सीमाप्रश्नाची कोणी दाद घेत नाही म्हणून, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या प्रेरणेने मराठी भाषकांनी उमेदवारांची संख्या ४५६ वर नेली. या उमेदवारांना निवडून यावयाचे नव्हते. ज्याला शून्य मते मिळाली त्याने बहुधा स्वतःचेही मत स्वतःला दिले नसावे. त्यांना हवी होती ती केवळ ओळ. मतपत्रिका हा त्यांच्या दृष्टीने अर्ज होता, आणि तो फेटाळण्यापूर्वी शासनाला स्वखर्चाने छापावा लागला!

शासनाने याचे उत्तर तत्परतेने दिले. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० रुपये करण्यात आली. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरेसा ठरला, इतरांना दहा आवश्यक झाले. नावांचा क्रमही बदलला: आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग केवळ नोंदणीकृत, शेवटी अपक्ष. परिणाम तात्काळ दिसला. १९९६ मध्ये लोकसभेसाठी १३,९५२ उमेदवार होते. १९९८ मध्ये ४,७५० उरले. २०१० पासून अनामत २५,००० रुपये आहे, आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते.

या कायद्याला केवळ दडपशाही म्हणणे न्याय्य होणार नाही. हजार नावांच्या पुस्तिकेत आपला उमेदवार शोधणाऱ्या वृद्ध मतदाराचाही काही अधिकार आहे. शिवाय नावापुरते पक्ष पुष्कळ निघतात. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढविलेल्या शेकडो पक्षांची नोंदणी आयोगाने २०२५ साली रद्द केली. परंतु बनावट पक्ष आणि निराश मतदारसंघ यांतील भेद अनामतीच्या रकमेला कळत नाही. पैसा ज्याच्यापाशी आहे त्याला ती अडवीत नाही. ज्याच्यापाशी केवळ गाऱ्हाणे आहे त्यालाच ती अडविते.

तेही सर्वकाळ नव्हे. २०१९ साली निजामाबाद मतदारसंघात हळदीला भाव मिळावा आणि स्वतंत्र हळद मंडळ स्थापन व्हावे यासाठी १७० हून अधिक शेतकऱ्यांनी वाढलेली अनामत भरून अर्ज दाखल केले. एकूण १८५ उमेदवारांसाठी प्रत्येक केंद्रावर १२ मतदानयंत्रे मांडावी लागली. शेतकरी सारे पराभूत झाले. राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये झाले आणि त्याचे मुख्यालय निजामाबादेतच आले. त्या ओळींमुळेच ते झाले असे सिद्ध करता येणार नाही. त्या ओळी वाचल्याच गेल्या नाहीत, असेही कोणाला म्हणता येणार नाही.

बेळगावचा अर्ज मात्र अनुत्तरित आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा प्रलंबित आहे. एकीकरण समितीला २०१८ व २०२३ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकांत एकही जागा मिळाली नाही. यावरून सीमाभागातील माणसाचे म्हणणे संपले असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण मतांची बेरीज आणि म्हणणे या एकच गोष्टी नव्हेत. निवडणूक सरकार निवडण्यासाठी असते हे खरेच आहे. तथापि, ज्या समाजाला आपले सरकार कधीच निवडता येणार नाही इतकी ज्याची संख्या अल्प आहे, त्याच्यासाठी ती आणखी कशासाठी असते, याचे उत्तर कायद्याच्या कोणत्याही कलमात अद्याप लिहिलेले नाही.