दोन नळ्या

मोटारीचीं पुढचीं चाकें वळवितो कोण, असें कोणी विचारलें असतें, तर ‘स्टिअरिंगचें चक्र ज्याच्या हातीं तो’ असें उत्तर आम्हीं बेधडक दिलें असतें. जन्मभर इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या माणसाकडून याहून अधिक यंत्रज्ञानाची अपेक्षा कोणी करूंहि नये. परंतु तीन वर्षांपूर्वीं पांचगणीहून पसरणीच्या घाटानें वाईस उतरतांना एका आखूड वळणावर तें चक्र एकाएकीं जड झालें. गाडी चालवीत होते आमचे वडील, अण्णा. वय वर्षें एक्क्याऐंशी. आम्हीं शेजारून हात घातला, दोघांनीं मिळून चक्र ओढलें, आणि गाडी डोंगराच्या अंगास लागून उभी राहिली. खालीं उतरून पाहतों तों डांबरावर तांबड्या तेलाची रेघ! एक रबरी नळी फुटली होती.

गाडी कॉन्टेसा. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास हिंदुस्तान मोटर्सनें ती १९८४ पासून काढली आणि २००२ मध्यें बंद केली. बांधा मूळचा विलायतेंतील व्हॉक्सॉलचा. अण्णांनीं ती निवृत्तीच्या पैशांतून घेतली, तेव्हां एवढें लांब धूड गंगापुरीच्या बोळांतून वळणार कसें, अशी काळजी आईला पडली होती. वळे तें तेलाच्या जोरावर. एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक लहानसा पंप तेल दाबून चक्राखालच्या पेटींत लोटतो. चक्र ज्या बाजूस कलेल त्या बाजूस तें तेल चाकांना रेटा देतें, आणि काम झालें कीं दुसऱ्या नळीनें निमूटपणें डब्यांत परततें. चक्र पुरतें वळविलें असतां पहिल्या नळींतील दाब टायरांतील हवेच्या तीस-चाळीसपट होतो; परतीच्या नळींत तो नांवापुरता. फ्रान्सिस डेव्हिस नांवाच्या अमेरिकन एंजिनियरानें १९२६ सालींच ही योजना मोटारीवर चालवून दाखविली होती, पण ती बाजारांत यावयास क्रायस्लरच्या इंपीरियल गाडीची, म्हणजे १९५१ सालाची, वाट पाहावी लागली. नळी फुटली म्हणून चाकें वळेनाशीं होतात असें नाहीं; मात्र आजवर तेल वाहत होतें तो भार मनगटांवर येऊन पडतो. एक्क्याऐंशी वर्षांच्या मनगटांवर तो कसा पडतो, तें आम्हीं त्या वळणावर पाहिलें.

पुढील गोष्ट सांगतांना संकोच वाटतो. त्याच महिन्यांत बावधन नाक्यावर अण्णांना एक सायकलवाला पोरगा दिसलाच नव्हता. तो वांचला तो स्वतःच्या चपळाईनें. आतां आपण गाडी चालवूं नये, हें त्यांना कोणीतरी सांगावयास हवें होतें, आणि घरांत तें धैर्य कोणासच होत नव्हतें. नळीनें आमची सुटका केली. “कंपनी बंद पडली, अण्णा, हिचे होज आतां मिळत नाहींत,” असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं मान डोलविली. गाडी छपराखालीं गेली, आणि ते दर रविवारीं तिच्यावरील धूळ पुसूं लागले.

यंदाच्या उन्हाळ्यांत आमची लहान गाडी दुरुस्त करण्यास मिस्त्री घरीं आला होता. कॉन्टेसाकडे पाहून तो सहज बोलून गेला, “सर, होजसाठीं कशाला थांबवलीत? साताऱ्याला पोकलेनचे, ट्रॅक्टरचे होज बनवतात, तिथं नमुना नेला कीं अर्ध्या तासांत करून देतील.” अण्णा ओसरीवर बसले होते. त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. रागावले असते तर बरें झालें असतें. “मग आण,” एवढेंच ते म्हणाले.

आम्ही स्वतः साताऱ्यास गेलों. तेवढें तरी करावयासच हवें होतें. फुटली होती दाबाची नळी. परंतु मिस्त्रीनें परतीची नळीहि दुमडून दाखविली, तों तिच्यावर बारीक चिरा उमटल्या. एंजिनाच्या धगीनें रबर आंतून कठीण होतें, आणि वरून तें धडधाकट दिसतें. “दोघी एका वयाच्या आहेत, सर.” चिमटा आंवळून भागणार नाहीं काय, या आमच्या कंजूष प्रश्नावर तो हंसला : परतीला चालेल, दाबाच्या नळीला कदापि नाहीं. दुकानांत जुन्या नळीची लांबी व तोंडें मोजलीं, आंत विणकाम असलेली नवी नळी कापली, आणि यंत्राच्या जबड्यांत धातूचें कडें असें काहीं दाबलें कीं रबर व लोखंड एकजीव झालें. घरीं येऊन मिस्त्रीनें सांध्यांवरील तांब्याच्या जुन्या चकत्या फेंकून नव्या घातल्या आणि नळी धुराड्याच्या पाइपापासून दूर बांधली.

मग राहिलें हवा काढण्याचें काम. पुढचीं चाकें जॅकनें उचलून घोड्यांवर ठेवावयाचीं, डब्यांत तेल भरावयाचें, आणि एंजिन बंद ठेवून चक्र या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सावकाश फिरवावयाचें. “सर, कोणीतरी आंत बसा,” मिस्त्री म्हणाला. आम्ही पुढें होतों तों अण्णा चक्राशीं जाऊन बसलेले!

अर्धा तास त्यांनीं चक्र फिरविलें. चाकें अधांतरीं, गाडी जागच्या जागीं; परंतु दृष्टि समोर रस्त्यावर असावी तशी. डब्यांत बुडबुडे येत, फेंस होई, मिस्त्री “डावीकडं… आतां उजवीकडं, आजोबा” असें सांगे, आणि ते एखाद्या विद्यार्थ्यासारखें ऐकत. तेल स्वच्छ झाल्यावर एंजिन सुरू केलें. चक्र हलकें झालें तें त्यांच्या मुद्रेवरच कळलें. शेवटीं घोड्या काढून चाकें जमिनीवर आणलीं, तेव्हां त्यांनीं एका हातानें चक्र पुरतें वळविलें, परत सरळ केलें आणि एंजिन बंद केलें.

“तूं सरळ सांगायचंस,” ते उतरतां उतरतां म्हणाले, आणि किल्ली बंडीच्या खिशांत घालून जेवावयास गेले. ती अद्याप तेथेंच आहे. येत्या रविवारीं मेणवलीपर्यंत जाऊन येऊं, असें त्यांनीं आज सकाळीं जाहीर केलें आहे. चालविणार कोण, हें आम्हीं अजून विचारलेलें नाहीं.